संदर्भ : जयनगरमधील तळघर राहण्यासाठी भाड्याने देता येते का?

बंगळुरू : तळघराला फरशी बसवली, भिंती रंगवल्या, कोपऱ्यात न्हाणीघर काढले आणि स्वयंपाकाचा ओटा बांधला, की भाड्याने देण्याजोगे स्वतंत्र घर तयार झाले, असा समज बंगळुरूच्या जुन्या वसाहतींत रुजलेला आहे. कायद्याच्या दृष्टीने तसे होत नाही. मंजूर नकाशात ‘तळघर’ म्हणून दाखवलेली जागा कितीही नीटनेटकी केली, तरी ती निवासी सदनिका ठरत नाही. मालकाला निवासी वापरासाठी तिचे भोगवटा प्रमाणपत्र मिळू शकत नाही आणि तेथे राहणारा भाडेकरू कागदोपत्री अस्तित्वातच नसलेल्या घराचे भाडे भरत राहतो. हा नियम कशासाठी आहे, त्यातून सुटण्याचे प्रयत्न कोठे अडतात आणि घरमालकापुढे वैध पर्याय कोणते उरतात, याचा हा आढावा.

जयनगरचा पालट

जयनगर ही स्वातंत्र्यानंतर आखलेली वसाहत. १९४८ मध्ये तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. त्या प्रसंगाची खूण म्हणून उभारलेला अशोक स्तंभ आजही तेथे आहे. शहराची दक्षिण सीमा त्या काळी येथेच संपत असे. ‘साउथ एंड सर्कल’ हे चौकाचे नाव त्याची साक्ष देते. रुंद रस्ते, क्रमांकांनी ओळखले जाणारे ब्लॉक आणि तीस बाय चाळीस किंवा चाळीस बाय साठ फुटांचे भूखंड, ज्यांना बंगळुरूत सर्रास ‘साइट’ म्हणतात, अशी या वसाहतीची रचना. त्यावर बैठी घरे होती. पुढे त्या घरांच्या जागी तीन-चार मजली इमारती आल्या. भावंडांत एकेक मजला वाटला गेला आणि खाली मोटारींसाठी तळघर किंवा खांबांवरचा मोकळा मजला, म्हणजे स्टिल्ट, ठेवला गेला.

भाड्याच्या खोल्यांना येथे मागणी कायम आहे. जयदेव हृदयरोग संस्था, संजय गांधी अस्थिरोग संस्था, निम्हान्स आणि किदवई कर्करोग संस्था हे सारे जयनगरमध्ये किंवा त्याच्या लगत आहे. रुग्णांचे नातेवाईक, परिचारिका, प्रशिक्षणार्थी डॉक्टर आणि महाविद्यालयांचे विद्यार्थी जवळची व परवडणारी जागा शोधत असतात. २०१७ मध्ये मेट्रोची हरित मार्गिका या भागातून धावू लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय विद्यालय रोड स्थानकापासून बोम्मसंद्रापर्यंतची पीत मार्गिका सुरू झाली आणि दक्षिणेकडील तंत्रज्ञान कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांचाही ओढा या भागाकडे वाढला. अशा वेळी एकच मोटार उभी असलेले तळघर मालकाला वाया गेलेली जागा वाटू लागते.

तळघरात राहणारा पहिला माणूस मात्र बहुधा हा पगारदार भाडेकरू नसतो. अनेक इमारतींत रखवालदाराचे कुटुंब तळघराच्या किंवा स्टिल्टच्या कोपऱ्यात संसार थाटून असते. त्याला कोणी भाडेकरू म्हणत नाही, त्यामुळे तो नियमभंगही कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

तळघर कशाला म्हणावे

जमिनीच्या पातळीखाली पूर्णतः किंवा अंशतः असलेला मजला म्हणजे तळघर, अशी बंगळुरूच्या इमारत उपविधींची व्याख्या आहे. सभोवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून तळघराचे छत १.२ मीटरपेक्षा अधिक वर येता कामा नये. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार ते किमान ०.९ मीटर वर असावे. अन्यथा हवा व उजेडासाठी झरोके ठेवायला भिंतच उरत नाही. ही संहिता स्वतः शिफारशीच्या स्वरूपाची आहे. राज्याच्या किंवा शहराच्या नियमांत तिच्या तरतुदी उतरल्या, की त्या बंधनकारक होतात.

तळघराचा वापर कशासाठी करावा, याची संहितेतील यादी छोटी आहे. सहज पेट न घेणाऱ्या घरगुती वा इतर वस्तूंची साठवण, तिजोरीची खोली किंवा बँकेचे कोषागार, वातानुकूलन व इमारतीच्या सेवांची यंत्रे आणि वाहनतळ. जुन्या वाड्यांतील तळघर, बळद आणि पेव यांची आठवण असलेल्या मराठी वाचकाला ही यादी ओळखीची वाटेल. धान्य आणि दागिने खाली राहत, माणसे वर. बंगळुरूच्या नियमांचा रोखही तोच असून तेथे भर वाहनतळावर आहे. मुंबई आणि महाराष्ट्रातील इतर शहरांच्या विकास नियंत्रण नियमांतही तळघराकडे निवासाची जागा म्हणून पाहिलेले नाही.

राहण्याच्या खोलीसाठी संहितेची मोजमापे वेगळी आहेत. खोलीची उंची किमान २.७५ मीटर, क्षेत्रफळ किमान ९.५ चौरस मीटर आणि रुंदी किमान २.४ मीटर लागते. खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या कोरड्या उष्ण हवामानात किमान एक दशांश आणि दमट उष्ण हवामानात एक षष्ठांश असावे लागते. तळघराला २.४ मीटर उंची पुरते. म्हणजे एखादे तळघर तळघर म्हणून नियमानुसार अगदी चोख बांधलेले असेल, तरी राहण्याची खोली म्हणून ते पहिल्याच मोजमापात अपुरे पडू शकते. फरशी उकरून उंची वाढवण्याचा सल्ला काही कंत्राटदार देतात. त्याने पाया उघडा पडण्याची भीती असते आणि जागा पाण्याच्या आणखी जवळ जाते.

या नियमाच्या मुळाशी एक देवाणघेवाण आहे, आणि ती बहुतेक घरमालकांना कोणी समजावून सांगत नाही. भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल, हे चटईक्षेत्र निर्देशांकावरून ठरते. वाहनतळासाठी वापरलेले तळघर या हिशेबात धरले जात नाही. कारण तेथे माणसे राहणार नाहीत, पाणी व मलनिस्सारणावर त्याचा भार पडणार नाही आणि रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारी आत जातील, असे नियोजनाने गृहीत धरलेले असते. मालकाने त्या सवलतीच्या बळावर वरचे मजले पूर्ण निर्देशांक वापरून बांधले आणि मग तळघरात भाडेकरू ठेवला, तर सवलतीची किंमत बाहेरच्या रस्त्याला मोजावी लागते. जयनगरच्या आतल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना लागलेल्या मोटारींच्या रांगांमागे हेही एक कारण आहे.

पाणी, वीज आणि गॅस

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर असल्याने येथे पूर येत नाही, हे जुन्या रहिवाशांचे आवडते वाक्य. शहर उंचावर असले, तरी सपाट नाही. पावसाचे पाणी कोरमंगल-चल्लघट्टा, हेब्बाळ आणि वृषभावती या तीन खोऱ्यांत उतरते. ते वाहून नेणाऱ्या ‘राजकालुवे’ म्हणजे मोठ्या नाल्यांनी एकेकाळी तलावांची साखळी जोडलेली होती. जयनगरच्या पूर्वेला बैरसंद्र आणि पश्चिमेला येडियूर हे तलाव त्याच व्यवस्थेचे अवशेष आहेत. तलावांच्या उतारावर जेथे घरे उभी राहिली, तेथे पाण्याने आपली वाट सोडलेली नाही. मे महिन्यातील वळवाचा पाऊस आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील जोरदार सरी या दोन काळांत त्याची प्रचीती येते. सप्टेंबर २०२२ मध्ये शहराच्या पूर्व भागातील महागड्या वसाहतींतून लोकांना बोटी व ट्रॅक्टरने बाहेर काढावे लागले होते आणि अनेक इमारतींची तळघरे मोटारींसह पाण्याखाली गेली होती.

जयनगरला लागून असलेल्या बीटीएम लेआउटमधील घटना अधिक बोलकी आहे. १९ मे २०२५ रोजी, रात्रभराच्या पावसानंतर, तेथील एका निवासी इमारतीच्या तळघरात साचलेले पाणी मोटारपंप लावून उपसण्याचा प्रयत्न सुरू असताना विजेचा धक्का बसला. ६३ वर्षांचे एक रहिवासी आणि १२ वर्षांचा एक मुलगा यांचा त्यात मृत्यू झाला. त्या तळघरात कोणी भाडेकरू राहत नव्हता. ते वाहनतळ होते. जेथे झोपायची खाट, फ्रिज, गिझर आणि भिंतीत खाली बसवलेले वीजजोड असतात, त्या तळघरात पाणी शिरल्यावर काय होईल, याचा अंदाज त्यावरून यावा. सखल भागांत तळघरांना परवानगीच देऊ नये, असा विचार त्या पावसानंतर राज्य सरकारच्या पातळीवर मांडला गेला.

त्याआधी, २७ जुलै २०२४ रोजी, दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरमध्ये स्पर्धा परीक्षांच्या एका शिकवणी संस्थेच्या तळघरातील ग्रंथालयात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्या तळघराला परवानगी साठवण व वाहनतळासाठी होती. काही मिनिटांत पाणी भरले. दिल्ली उच्च न्यायालयाने पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. दिल्लीच्या बृहत् आराखड्यात वकील, डॉक्टर, वास्तुविशारद अशा व्यावसायिकांना काही अटींवर तळघरात काम करण्याची मुभा आहे. दिवसा जागेपणी काम करणारा मनुष्य आणि रात्री झोपलेले कुटुंब यांत नियम फरक करतात, तो सकारण आहे.

ओल हा त्या मानाने सौम्य शत्रू. पुण्या-मुंबईकडे तळघराला बाहेरून शहाबादी फरशीचे वेष्टण देऊन ‘बॉक्स वॉटरप्रूफिंग’ करण्याची पद्धत आहे. फरशीचा तो दगड ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, ते शहाबाद कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातच आहे. हे काम पाया खणतानाच करावे लागते. बांधून झालेल्या तळघराला आतून रसायने लावली, तर ओल काही पावसाळे थोपते, मग रंगाचे पोपडे सुटू लागतात. सांडपाण्याचा प्रश्न त्याहून अवघड. तळघरातील शौचालय रस्त्यावरील मलवाहिनीच्या पातळीखाली असेल, तर मैला पंपाने वर चढवावा लागतो. वीज गेली किंवा पावसात वाहिनी तुंबली, की प्रवाह उलट फिरतो आणि इमारतीतील सर्वांत खालचे न्हाणीघर प्रथम भरते. उलट प्रवाह रोखणारी झडप बसवता येते, पण ती बंद असेपर्यंत घरातलेही पाणी बाहेर जात नाही.

स्वयंपाकाच्या गॅसबाबत तडजोडीला जागाच नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. वरच्या मजल्यावर गळती झाली, तर उघड्या दारा-खिडकीतून तो बाहेर पडण्याची शक्यता असते. तळघरात तो जमिनीलगत साचून राहतो आणि विजेच्या एका बटणाची ठिणगी त्याला पुरते. त्यामुळे सुरक्षा मानकांनुसार जमिनीच्या पातळीखाली सिलिंडर ठेवण्यास मनाई आहे. शेजारीच मोटारी उभ्या राहत असतील, तर इंजिनातून निघणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड हा आणखी एक धोका. संहितेच्या अग्निसुरक्षा प्रकरणात तळघराला जमिनीच्या क्षेत्राच्या किमान अडीच टक्के इतके वायुवीजन झरोके चहूबाजूंनी विखरून ठेवण्यास सांगितले आहे. जागा सजवताना प्लायवूड आणि खोट्या छताखाली नेमके हेच झरोके बुजवले जातात. धूर झाला, तर बाहेर पडायला एकच जिना आणि तोही धुराच्याच वाटेवर.

दंड भरून नियमित होईल का

घरमालकांची सर्वांत मोठी आशा ‘अक्रम-सक्रम’ योजनेवर असते. अनधिकृत बांधकामे शुल्क आकारून नियमित करण्याची ही कर्नाटक सरकारची योजना. १९ ऑक्टोबर २०१३ पूर्वीच्या बांधकामांतील निवासी इमारतींचे ५० टक्क्यांपर्यंतचे आणि अनिवासी इमारतींचे २५ टक्क्यांपर्यंतचे उल्लंघन तीत नियमित होणार होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ती वैध ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये तिला स्थगिती दिली. स्थगितीची बातमी सर्वांना ठाऊक असते. पण मूळ तरतुदीतच, तळघरातील उपविधींविरुद्धचे बांधकाम व वापर नियमित होणार नाही, असे म्हटलेले आहे. म्हणजे स्थगिती उठली, तरी तळघरातील भाड्याच्या घराला या योजनेचा लाभ मिळत नाही. सामासिक अंतरातील एखाद-दुसऱ्या फुटाचे अतिक्रमण आणि तळघरातील निवास यांना कायदा एका मापाने मोजत नाही.

दुसरी आशा खात्याची आणि करपावतीची. ‘कर भरतो, म्हणजे पालिकेने मान्य केले’ हे विधान बंगळुरूत सर्रास ऐकू येते. खाता हा कर आकारणीसाठीचा अभिलेख आहे. त्यावर नाव चढले किंवा कर स्वीकारला गेला, म्हणून बांधकामाला मंजुरी मिळाली असे होत नाही.

प्रशासकीय चौकट अलीकडे बदलली आहे. बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या जागी सप्टेंबर २०२५ पासून ग्रेटर बंगळुरू प्राधिकरणाखाली पाच महानगरपालिका अस्तित्वात आल्या असून जयनगर त्यांतील दक्षिण महानगरपालिकेत येते. कार्यालय आणि शिक्का बदलला, तळघराचा नियम बदललेला नाही.

भोगवटा प्रमाणपत्राला मात्र पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात निकाल देताना, वीज, पाणी व मलनिस्सारणाची जोडणी भोगवटा किंवा पूर्णत्व प्रमाणपत्र पाहूनच द्यावी, असे देशभरासाठी निर्देश दिले. त्याचा फटका बंगळुरूतील हजारो नव्या घरांना बसल्यावर राज्य सरकारने २०२५ मध्ये १,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांवरील ठरावीक मजल्यांच्या घरांना या प्रमाणपत्रातून सूट दिली. ही सूट प्रमाणपत्रापुरती आहे. तिने तळघराचा वापर बदलत नाही. तळघरासाठी स्वतंत्र वीजमीटर मागायला गेल्यावर अडचण येते, म्हणून वरच्या मीटरवरून उपमीटर काढून दिला जातो. ज्या जागेला स्वतःचा मीटर मिळत नाही, तिच्याबद्दल भाडेकरूने तेथेच प्रश्न विचारायला हवा.

परदेशात चालते, येथे का नाही

हा प्रश्न विशेषतः ज्यांची मुले कॅनडा-अमेरिकेत तळघराच्या खोल्यांत राहून शिकली, त्या घरांतून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात तळघरातील दुसरी सदनिका कायदेशीर होऊ शकते. २०२२ मध्ये तेथे संमत झालेल्या कायद्याने शहरी सेवा असलेल्या बहुतेक निवासी भूखंडांवर तीन सदनिकांपर्यंत मुभा दिली. पण त्या मुभेमागे परवाना, तपासणी आणि काटेकोर मापे आहेत. जुन्या घरातील तळघराला किमान १.९५ मीटर उंची लागते. दोन सदनिकांमध्ये अग्निरोधक आडोसा, परस्परांशी जोडलेली धूरसूचक यंत्रे आणि आपत्तीत बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते. त्या खिडकीचे मोकळे क्षेत्र किमान ०.३५ चौरस मीटर असावे आणि तिची कोणतीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, इतका तपशील नियमात आहे.

फरक हवामानापासून सुरू होतो. थंड प्रदेशात गोठणाऱ्या मातीच्या थराखाली पाया न्यावाच लागतो, त्यामुळे घराखाली तळघर जवळपास आपोआप मिळते. पायाभोवती पाणी वाहून नेणाऱ्या सच्छिद्र नळ्या आणि तळाशी उपसा पंप हे तेथील घरबांधणीचे नित्याचे भाग आहेत. बंगळुरूत तळघर खणले जाते ते मोटारींसाठी.

आणि तेथेही सारे आलबेल नाही. सप्टेंबर २०२१ च्या आरंभी ‘आयडा’ वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात ११ जण तळघरांतील घरांत बुडून मरण पावले. त्यांतील बहुतेक घरे विनापरवाना होती. त्यानंतर शहराने तळघरे बंद करण्याऐवजी सुरक्षित करून वैध करण्याचा मार्ग धरला आणि २०२४ मध्ये राज्याने त्यासाठी कायद्यात वाट करून दिली. स्वस्त घरांची गरज मान्य करून नियम घडवणे हा तो मार्ग. भारतीय शहरांनी अद्याप तो पत्करलेला नाही, आणि पाण्याचा निचरा व तपासणी यंत्रणा आज जशी आहे ती पाहता, केवळ नियम सैल करणे धोक्याचे ठरेल.

मालकापुढील वैध पर्याय

पहिले काम मोजणीचे. उतारावरच्या भूखंडावर रस्त्याच्या बाजूने खाली दिसणारा मजला मागच्या बाजूने जमिनीबरोबर असू शकतो. मंजूर नकाशात त्या मजल्याचे नाव काय आहे आणि सरासरी जमिनीच्या पातळीशी त्याचे नाते काय, हे नोंदणीकृत वास्तुविशारदाकडून तपासून घ्यावे. तो नकाशात तळमजला म्हणून मंजूर असेल, तर प्रश्नच वेगळा होतो. नकाशात तळघर असेल, तर ‘लोअर ग्राउंड’ असे पाटीवर लिहिल्याने काही साधत नाही.

दुसरा पर्याय अदलाबदलीचा, आणि तोच बहुतेकांना सोयीचा पडेल. घरातील अडगळ, जुने सामान, ट्रंका, पाण्याचे पंप आणि इन्व्हर्टर या गोष्टी वरच्या मजल्यांवरच्या खोल्या अडवून असतात. त्यांना तळघरात नियमानुसार जागा देता येते, फक्त नकाशात दाखवलेली वाहनतळाची जागा कमी होता कामा नये आणि विजेची यंत्रे जमिनीपासून उंच चौथऱ्यावर असावीत. मोकळी झालेली वरची खोली स्वतंत्र प्रवेश, खिडकी आणि न्हाणीघरासह भाड्याने देता येते. घराचा तोच एक भाग भाड्याने देणे आणि मंजूर नकाशापेक्षा अधिक सदनिका निर्माण करणे यांत अंतर आहे. नवे स्वयंपाकघर व वेगळा मीटर हवा असेल, तर सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो.

तिसरा पर्याय वर चढण्याचा. निर्देशांक शिल्लक असेल, पाया आणि खांब भार पेलतील असा संरचना अभियंत्याचा दाखला मिळत असेल आणि सामासिक अंतरे पाळली जात असतील, तर आणखी एका मजल्याला परवानगी मागता येते. खर्च तळघर सजवण्याच्या कितीतरी पट येतो, पण हाती येते ते प्रमाणपत्र मिळू शकणारे घर.

भाड्याने दिलेल्या जागेसाठी मालमत्ता कराचा दर स्वतः राहत्या जागेपेक्षा अधिक असतो, त्यामुळे स्वयंघोषणेत ती नोंद बदलावी लागते. ती टाळली आणि पुढे उघड झाली, तर फरकाची रक्कम दंडासह द्यावी लागते.

तळघर आधीच भाड्याने दिलेले असेल, तर नोटिशीची वाट न पाहता भाडेकरूला मुदत देऊन जागा रिकामी करणे आणि ओटा व वीजजोड काढून टाकणे श्रेयस्कर. नोटीस आलीच, तर तात्पुरता आदेश, मालकाचे म्हणणे आणि मग अंतिम आदेश असा क्रम असतो. बांधकाम पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये घालून दिलेले आहे.

भाडेकरूच्या बाजूने

महाराष्ट्रातून आलेल्या भाडेकरूला येथे दोन गोष्टी नव्या वाटतात. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे मालकावर बंधनकारक आहे. बंगळुरूत अकरा महिन्यांचा, मुद्रांक कागदावरचा, नोंदणी न केलेला करार हीच रीत आहे; एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या कराराला नोंदणी लागते, ती टाळण्यासाठी अकरा. शिवाय कर्नाटक भाडे कायदा, १९९९ हा बंगळुरूत मासिक ३,५०० रुपयांपेक्षा अधिक भाडे असलेल्या जागांना लागू होत नाही. आजच्या दरांत त्या मर्यादेखाली खोली सापडणे कठीण. त्यामुळे भाडेकरूचे हक्क मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ आणि स्वतः केलेला करार यांवरच अवलंबून राहतात. पूर्वापार दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत रक्कम घेण्याची येथील प्रथा लक्षात घेतली, तर पालिकेच्या आदेशाने जागा अचानक सोडावी लागल्यास किती पैसे अडकतात, हे कळते.

म्हणून करारात मजल्याचा उल्लेख प्रत्यक्षाप्रमाणे आहे का, हे पाहावे. खाली जिने उतरून जायचे आणि करारात ‘तळमजला’ लिहायचे, असे असेल तर सही करू नये. तळघरातील जागेतून वस्तूंचे नुकसान झाल्यास विम्याचा दावा करताना हाच शब्द आड येऊ शकतो. खिडकी उघडते का, तिच्यातून माणूस बाहेर पडू शकेल का, सिलिंडर कोठे ठेवला आहे, विजेची बटणे जमिनीपासून किती वर आहेत आणि भिंतीच्या तळाशी ओलीची रेघ दिसते का, एवढे पाहायला दहा मिनिटे लागतात. रेघ नव्या रंगाखाली झाकलेली असेल, तर बाहेरच्या मोटारींच्या चाकांशी किंवा लिफ्टच्या खड्ड्याच्या भिंतीवर ती बहुधा सापडते.

मंजूर नकाशाची प्रत मालकाने दाखवावी, असा आग्रह धरण्यात संकोच नसावा. जुन्या घरांत ती हरवलेली असते. अशा वेळी मालकाला महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडे प्रमाणित प्रतीसाठी किंवा माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो.